आठशे लिटर मतौना

लतिका मोघेला राग येतो, हे जबलपूरच्या मदन महल भागात सगळ्यांना ठाऊक आहे. का येतो, हे विचारायची तसदी मात्र आजवर कुणी घेतलेली नाही. वय छत्तीस, लग्न नाही, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, केस घट्ट बांधलेले आणि हातात कायम एक वही. बाई बिअर बनवते. पीत बसत नाही, बनवते. हा फरक ती बारा वर्षं लोकांना समजावते आहे आणि बारा वर्षं लोक डोळा मिचकावून "मग काय, रोज मज्जा!" म्हणताहेत. अशा माणसांना उत्तर द्यायचं तिने आता सोडून दिलंय. नुसतं बघते. तेवढं पुरतं.

घरीही वेगळं काही नव्हतं. वडील विष्णुपंत डिफेन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. टेबलावर दोन शिक्के, एक पासचा, एक रिजेक्टचा, आणि हातात माप घ्यायचं गेज. माल केसभर जरी कमीजास्त असला तरी रिजेक्ट. असा हा सरळ माणूस मुलीच्या नोकरीबद्दल मात्र बेधडक खोटं बोलायचा. शेजारच्या कुंदाकाकूंना त्यांनी सांगून ठेवलं होतं की लतिका पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. काकूंनी ते इतकं मनावर घेतलं की एकदा घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून घेऊन आल्या. लतिकाने दात-ओठ खात ते तपासूनही दिलं. पाणी चांगलं निघालं. काकूंनी मंडळाच्या हळदीकुंकवात तिचं कौतुक केलं, आणि त्या कौतुकाचा तिला शिवीपेक्षा जास्त राग आला.

शिक्षण मायक्रोबायॉलॉजीतलं, इथलंच. पहिली नोकरी एका दूध डेअरीत, मग पुण्याजवळच्या मोठ्या ब्रुअरीत ट्रेनी. तिथे मुलाखतीत तिला यीस्टबद्दल एक प्रश्न विचारला आणि लग्नाबद्दल चार. पोती उचलता येतील का, म्हणाले. तिने कोपऱ्यातलं पोतं उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "अजून?" टेबलावरचा चहा सांडला, पण नोकरी मिळाली. आठ वर्षं ती तिथे टाक्यांत उतरून घासत, पाइप जोडत, वासावरून बिघाड ओळखत शिकली. मग आई गेली, बाबा एकटे पडले, आणि ती जबलपूरला परत आली. नेमकी तेव्हाच गावागावांत छोट्या ब्रुअऱ्यांची लाट आली होती. मदन महल किल्ल्याच्या पायथ्याशी भय्यासाहेबांनी 'गढी' उघडली होती. पुढे रेस्टॉरंट, मागे काचेआड चार चकचकीत टाक्या.

भय्यासाहेबांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. जमीन तेव्हाची, रुबाबही तेव्हाचाच. लतिकाच्या आजोबांना ते ओळखत, म्हणून तिला 'पोरी' म्हणत आणि पगार वाढवायची वेळ आली की 'तू तर घरचीच' म्हणत. एक रीत मात्र त्यांनी चांगली पाडली होती. नवी टाकी तयार झाली की सगळ्या नोकरमाणसांसमोर नारळ फुटायचा, आणि पहिला ग्लास स्वतः भय्यासाहेब उभ्याने प्यायचे. "नर्मदे हर" म्हणायचे, मिशी पुसायचे, आणि मगच माल पुढे गिऱ्हाइकाकडे जायचा. या एका गोष्टीसाठी लतिका त्यांचं बाकी सगळं खपवून घेत होती.

पण धंद्याची तऱ्हाच बदलत गेली. पहिल्या वर्षी लोकांना कडू हवी होती. दुसऱ्या वर्षी कुणीतरी कुठेतरी आंब्याची प्यायलं, म्हणून आंबा. मग जांभूळ, कारण फोटोत रंग छान येतो. मग बिनदारूची. एका जानेवारीत तर मटार. होय, सिहोऱ्याच्या बाजारातला हिरवागार मटार, जो शहाण्या माणसाने कचोरीत घालावा, तो लतिकाला बिअरमध्ये घालावा लागला. चव कशी होती ते विचारू नका. दर तीन महिन्यांनी नवं खूळ, आणि प्रत्येक खुळाचं एक तरुण नाव, त्याखाली एक तरुण फोटो.

तो फोटो स्वप्निलचा. भय्यासाहेबांचा भाचा, बंगळुरात वाढलेला. पूर्वी या धंद्यात माणसाला विचारायचे की किती टाक्या खराब केल्यास आणि त्यातून काय शिकलास. आता विचारतात, फॉलोअर किती. स्वप्निलने सहा आठवड्यांचा कोर्स केला आणि त्याच्या कार्डावर 'ब्रूमास्टर' छापून आलं. लतिकाच्या कार्डावर 'टेक्निकल इनचार्ज'. तेही लायसन्सवर कुणाचं तरी नाव लागतं म्हणून. पोरगा वाईट नव्हता. ताई ताई करायचा, चहा आणून द्यायचा. पण एकदा त्याने तिच्या वहीतल्या कृतीचा फोटो काढला आणि 'माय न्यू रेसिपी' म्हणून जगाला दाखवला. त्या दिवसापासून लतिकाने वही मराठीत लिहायला सुरुवात केली, तीही बाबांसारख्या तिरक्या, गिचमिड अक्षरात. स्वप्निलला मराठी बोलता यायची, वाचता येत नसे. आकडे तेवढे त्याला कळायचे. लतिकाला वाटलं, बरी जिरवली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ह्याच गोष्टीने घात केला.

सगळ्या खुळांत एकच खूळ तिला मनापासून आवडलं होतं, ते कोदोचं. मध्य प्रदेशातल्या डिंडोरीकडचं हे बारीक भरड धान्य. इथल्या मातीतलं, इथल्या गरिबाच्या ताटातलं. भय्यासाहेब म्हणाले कोदोची बिअर करू, आणि लतिका चार महिने त्याच्या मागे लागली. डिंडोरीच्या बाजूला जाऊन बायकांसोबत बसली, कोंडा कसा काढायचा ते शिकली, किती भाजलं की करपट लागत नाही ते शिकली. तिथेच एका म्हातारीने तिला बजावून सांगितलं होतं की कापणीच्या वेळी पाऊस लागलेलं कोदो घ्यायचं नाही. त्यावर बुरशी बसते. ते खाल्लं की माणूस डोलायला लागतो, उलट्या होतात, हातपाय थरथरतात. जनावर तर बसलं की उठत नाही. त्या कोदोला तिकडे 'मतौना' म्हणतात. माणसाला मातवणारं, म्हणून मतौना. आणि शिजवून, उकळून ते विष जात नाही.

यंदा ऑक्टोबरमध्ये ऐन कापणीत चार दिवस पाऊस पडला. लतिकाने वहीत लिहिलं, 'या वर्षीचं कोदो घ्यायचं नाही. गेल्या वर्षीचा साठा मिळेपर्यंत थांबायचं.' खाली दोनदा रेघ मारली. भय्यासाहेबांना तोंडी सांगितलं, तर ते फोनवर बोलत मान हलवत होते. मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे तिने ओळखायला हवं होतं.

नोव्हेंबरात विष्णुपंतांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लतिकाने आठ दिवस रजा घेतली, चार चार तासांनी डोळ्यात थेंब घातले, आणि सोमवारी सकाळी कामावर गेली. गढीच्या फाटकावर सुतार नवा बोर्ड ठोकत होता. काळ्यावर सोनेरी अक्षरं:

मतौना. जंगल का नशा. इस शनिवार.

तिला आधी वाटलं आपण चुकीचं वाचलं. मग वाटलं, कुणीतरी क्रूर थट्टा केली. मग ती धावत मागे गेली. तिसऱ्या टाकीचा काटा वर होता. टाकी भरलेली होती, आत आठवडाभर आंबवण चालू होतं.

"ताई! आलीस!" स्वप्निल हात पसरत आला. "कसंय नाव? आठशे लिटर. तुझीच रेसिपी, मी फक्त एक्झिक्यूट केलं."

"कोदो कुठून आणलं?"

"सिहोऱ्याहून. मी स्वतः गेलो. स्पेशल व्हरायटी आहे ताई. वेगळी ठेवली होती व्यापाऱ्याने, शेडच्या बाहेर. मी विचारलं हे वेगळं का? म्हणाला, ये मतौना है, इससे नशा चढ़ता है. म्हटलं, अरे, हेच तर पाहिजे!"

लतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक कोठीत गेली. दोन पोती वापरलेली, दोन शिल्लक. हात घालून मूठभर बाहेर काढलं. दाणे करडे पडलेले, कोंड्यावर काळसर ठिपके, आणि तो वास, बंद घरात ओली गोधडी राहिल्यावर येतो तसा. टाक्या धुणारी बेबी दारात उभी होती. मंडल्याकडची गोंड बाई, पन्नाशीची, तीन वर्षं इथे काम करत होती.

"दीदी, हमने पहिले दिन ही बोला था भैया को," ती हळूच म्हणाली. "हमने बोला, भैया ये मतौना है."

"फिर?"

"बोले, हाँ हाँ, वही तो लाए हैं."

यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? शब्द दोघांच्या तोंडी तोच होता. बेबीला त्यात विष दिसत होतं, ह्या शहाण्याला ब्रँड. आणि साहेब लोकांना एवढं तर माहीत असेलच, असं समजून ती बिचारी गप्प राहिली. स्वयंपाकघरातले दोघेही गावाकडचेच, त्यांनाही ठाऊक होतं. फाटकावरचा गुरखा सोडला तर सगळ्या गढीत हा शब्द न कळणारी माणसं दोनच होती, आणि ती दोघं मालकाच्या घरातली होती.

लतिकाने सिहोऱ्याच्या श्यामसुंदरला फोन लावला. धान्याचा व्यापारी, एरवी सभ्य माणूस.

"दीदी, मैंने तो बोला था फेंकना है. मुर्गी को भी मत देना, ये भी बोला."

"फिर दिया काहून?" रागाच्या भरात तिचं हिंदी आणि मराठी एकत्र सांडलं.

"अब साहब लोग हैं, कुछ केमिकल-विमिकल बनाते होंगे. हमको क्या मालूम."

स्वप्निलचं म्हणणं, 'फेंकना है' म्हणजे कवडीमोल भावात द्यायचंय, असं त्याला वाटलं. "आणि वहीत? वहीत दोन रेघा मारून लिहिलं होतं मी!" लतिका ओरडली. तो गोंधळून म्हणाला, "मी आकड्यांचा फोटो घेतला ना ताई. बाकी सगळं मराठीत होतं. मला वाचता येत नाही, तुला माहितीये." तिला माहीत होतं. तिच्यासारखं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात तिला चोथा आठवला.

बिअर करताना धान्याचं सत्व पाण्यात उतरतं आणि मागे ढीगभर ओला चोथा उरतो. जनावरांना तो आंबोण म्हणून आवडतो. गोहलपुरचा बापू दूधवाला तीन वर्षं तो नेत होता. ब्रूइंगच्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन यायचा आणि जाताना लतिकाला एक लिटर दूध द्यायचा, नको म्हटलं तरी. तिने फोन केला. उचलला नाही. ती तशीच बुटांत स्कूटर काढून गोहलपुरला गेली.

वर्कशॉपच्या गल्लीमागे बापूचा गोठा. सहा म्हशी. तीन उभ्या होत्या, दोन बसलेल्या, माना थरथरत होत्या, तोंडातून लाळ. सहावीची जागा रिकामी होती. बापू उकिडवा बसला होता. त्याने लतिकाकडे वर पाहिलं.

"परसों गई, दीदी. डॉक्टर बोला कुछ खाया है. हमने तो वही दिया जो हमेशा देते हैं. आपके यहाँ का."

'आपके यहाँ का'. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला अजून संशयच आला नव्हता. लतिकाने त्याला सगळं सांगितलं. उरलेला चोथा दोघांनी मिळून खड्डा करून पुरला. त्या दिवशी बापूने दूध दिलं नाही.

मंगळवारी ती भय्यासाहेबांसमोर उभी राहिली. म्हशीचा फोटो दाखवला, दाणे टेबलावर ओतले, म्हातारीचं सांगितलं, पुस्तकातलं सांगितलं. भय्यासाहेबांनी ऐकून घेतलं आणि पान लावायला घेतलं.

"काहून एवढी भडकून राहिलीस? अगं, दोन तास उकळलंय ते. वरून दारू. त्यात कोणते जंतू जगतात?"

"जंतू मेले, भय्यासाहेब. त्यांचं विष मरत नाही."

"म्हैस काहीही खाते. प्लास्टिक खाल्लं असेल. शनिवारी शंभर पाहुणे बोलावले आहेत. तू फक्त बॅच पास म्हणून रजिस्टरवर सही कर, बाकी मी बघतो."

"नमुना लॅबला पाठवू. पंधरा दिवस थांबू."

"अच्छा, म्हणजे बोर्ड उतरवू?" ते हसले. "उद्या पहिला ग्लास आहे. मी पिईन, मग तर पटेल? नाही तर सही स्वप्निल करेल. त्याचंही सर्टिफिकेट आहे. चलो."

घरी येऊन तिने बूट भिंतीवर फेकले. विष्णुपंत काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. दिसत कमी होतं, ऐकू पूर्ण येत होतं.

"काय झालं?"

चार वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. तिने सगळं सांगितलं, वहीसकट. "मी मुद्दाम मराठीत लिहीत होते, बाबा. त्याला वाचता येऊ नये म्हणून. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्याने वाचलं असतं. बापूची म्हैस माझ्यामुळे गेली."

आपण रडू असं तिला वाटलं होतं. रडली नाही. स्वतःचाही इतका राग येत होता की रडायला जागाच नव्हती. विष्णुपंतांनी चष्मा सारखा केला.

"चूक झाली. पुढं?"

"पुढं काय? मी सही करणार नाही."

"ते पुरत नाही." त्यांचा आवाज एकदम कार्यालयातला झाला. "सही न करणं म्हणजे नुसतं बाजूला होणं. तू बाजूला झालीस की दुसरा करेल सही, तेच सांगून राहिलाय ना तो? मी चौतीस वर्षं पासवर सही करताना जेवढी काळजी घेतली, तेवढीच रिजेक्टवर घेतली. रिजेक्टवर पण सही लागते, लतिका. पूर्ण नाव, तारीख, कारण. मग तो माल कोणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही."

बुधवारी दुपारी बाराला नारळ फुटला. स्वयंपाकी, वेटर, गुरखा, बेबी, सगळे अर्धवर्तुळात उभे. लतिकाने टाकीच्या तोटीखाली ग्लास धरला. बिअर आली फिक्या सोन्याच्या रंगाची, वर दाट पांढरा फेस, वास नुकत्या उतरवलेल्या भातासारखा. चार महिने तिला हाच रंग आणि हाच वास हवा होता. कुठे आंबूस नाही, कुठे करपट नाही. पाहून कुणाला संशय आला नसता. फेसाचा एक थेंबही तिने सांडू दिला नाही.

तिने ग्लास भय्यासाहेबांना दिला. "नर्मदे हर," ती म्हणाली.

भय्यासाहेबांनी ग्लास ओठांपर्यंत नेला. तिथे तो थांबला. सगळे पाहत होते.  भय्यासाहेबांनी ग्लास खाली घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"आज मला जरा ॲसिडिटी आहे."

"मला ड्राइव्ह करायचंय," स्वप्निल कुणी न विचारता म्हणाला.

काल हेच भय्यासाहेब शंभर पाहुण्यांना पाजायला निघाले होते. आणि आता त्यांनी काय करावं? ग्लास उजवीकडे उभ्या बेबीपुढे धरला.

"बेबी, तू घे गं. तुम्हा लोकांना सवय असते कोदोची."

बेबीने ओले हात साडीला पुसले आणि पाठीमागे बांधले. "हम बापू की भैंस देख के आए हैं, साहब," ती म्हणाली.

लतिकाने ग्लास त्यांच्या हातातून ओढून घेतला. "आतापर्यंत मी तुम्हाला अडाणी समजत होते, भय्यासाहेब. अडाणी माणसाला शिकवता येतं. तुम्हाला सगळं कळलंय! म्हणून तुम्ही पीत नाही! आणि कळलंय तरी तो ग्लास तिच्या तोंडाला लावून राहिलात! शनिवारी कुणाकुणाची पोरं येतील, त्यांनापण सवय असेल काय?"

"आवाज खाली. कुणाशी बोलून राहिलीस?"

"आठशे लिटर विषाच्या मालकाशी!"

तिने ग्लास मोरीत ओतला. सवयीने तो विसळला, पालथा घातला. मग रजिस्टर उघडून, स्वप्निलला वाचता यावं म्हणून इंग्रजीत, आणि त्याखाली आपल्या समाधानासाठी मराठीत, एकच गोष्ट दोनदा लिहिली: बॅच नापास, बुरशीचं धान्य, माणसाला पिण्यास अयोग्य. पूर्ण नाव, तारीख, वेळ. त्या पानाचा फोटो काढून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आबकारीच्या दफ्तरात पाठवला. नापास लिहिलेला माल ओतायचा तरी त्यांचा माणूस समोर लागतो, आणि विकायचा तर प्रश्नच मिटला. लायसन्सवरच्या नावाने घातलेला शेरा लायसन्सवरच्या मालकालाही खोडता येत नाही.

"तुला घरची समजत होतो," भय्यासाहेब म्हणाले. चेहरा लालबुंद झाला होता. "उद्यापासून येऊ नकोस."

"टाकी रिकामी होईपर्यंत येणार. मग तुम्ही बोलावलंत तरी येणार नाही."

शुक्रवारी आबकारीचा निरीक्षक आला. आठशे लिटर ओतून नष्ट होईपर्यंत लतिका टाकीजवळ उभी राहिली. चार महिन्यांचं काम होतं ते, कसं वाटलं म्हणून सांगायचं? तिला वाईट वाटलं नाही, चीड आली. चांगलं कोदो असतं तर हीच बिअर या गावाने मान वर करून प्यायली असती.

यानंतर न्याय वगैरे झाला असं कुणी समजू नये. बोर्ड उतरला आणि त्या जागी 'विंटर स्पेशल स्ट्रॉबेरी' लागला. बेबीला पुढच्याच आठवड्यात कमी केलं. बापूच्या दोन म्हशी उठल्या, गेलेली गेली. स्वप्निलला डिसेंबरात मोठ्या शहरात मोठी नोकरी लागली. त्याच्या ऑनलाइन माहितीत आजही लिहिलेलं आहे की मध्य भारतातली पहिली कोदो बिअर त्याने घडवली. लतिकाने ते वाचलं आणि फोन उशीखाली दाबून ठेवला.

एका संध्याकाळी कुंदाकाकू विचारायला आल्या, लतिका हल्ली घरी कशी, लॅब बंद पडली का. आतल्या खोलीतून लतिकाला विष्णुपंतांचा आवाज ऐकू आला. "लॅब नाही हो. बिअर बनवायची ती. मीच खोटं सांगत होतो तुम्हाला. एक टाकी रिजेक्ट केली, म्हणून काढून टाकलं." काकू म्हणाल्या, "म्हणजे आमचं पाणी तिने खरंच तपासलं होतं ना?"

जानेवारीत हैदराबादच्या एका कंपनीने लॅपटॉपवर मुलाखत घेतली. पडद्यावर तिघं तरुण, मागे विटांची भिंत. बाजार कुठे चाललाय, पुढचा ट्रेंड काय, सोशल मीडियावर तुम्ही किती सक्रिय, असं सगळं विचारून झालं. लतिका दात आवळून उत्तरं देत होती. शेजारच्या खोलीत विष्णुपंतांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता.

शेवटी मधल्याने हसत विचारलं, "मॅडम, तुमच्या करिअरमधली सर्वांत यशस्वी बॅच कोणती?"

"मागच्या नोव्हेंबरची," लतिका म्हणाली. "आठशे लिटर."

"वा! किती दिवसांत संपली?"

"एका दुपारी. एक ग्लासही कुणाला पिऊ दिला नाही मी."